सावली व्हायचंय? आधी हात मागे घ्या!

वर्गात एका मुलाच्या शेजारी बसायचं आणि दिवसभर त्याला मदत करायची. यात शिकायचं काय एवढं? असं म्हणत मी 'शॅडो टीचर'च्या कोर्सला जाऊन बसले आणि पहिल्याच दिवशी सपशेल नापास झाले...

शनिवारची सकाळ, साडेनऊ. वीकेंडवालं अख्खं जग अजून अंथरुणात लोळतंय आणि मी दादरच्या एका हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसलेय. समोर माझी पार्टनर. तिच्या दोन्ही हातांवर जाड लोकरीचे मोजे चढवलेत आणि त्या हातांनी तिला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उघडायचाय. मी तिची मदतनीस.

एक मिनिट झालं. मोजे झाकणावरून सुळसुळ सरकतायत. तिच्या कपाळावर आठ्या, नाकावर घाम. मला काही ते बघवेना. मी डबा ओढला, टक्‌कन झाकण उघडलं आणि तिच्यापुढे ठेवला. वर एक मस्त स्माइलही दिलं.

ट्रेनर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "छान. आता डबा कोणाला उघडता येतो?"

"मला..."

"तुला येतो हे आम्हाला आधीच माहीत होतं गं. शिकायचं तिला होतं ना?"

हॉलमध्ये हशा आणि माझं तोंड एवढंसं! बारा शनिवारांच्या त्या कोर्सचा सगळा फंडा खरं तर त्या डब्यातच होता. पण तो डोक्यात शिरायला मला पुढचे तीन महिने लागले.

शॅडो म्हणजे नक्की कोण?

'तारे जमीं पर' आला २००७च्या डिसेंबरमध्ये. तेव्हापासून 'स्पेशल टीचर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निकुंभ सर येतात. एक भन्नाट माणूस वर्गात येतो आणि मुलाचं आयुष्यच बदलून टाकतो! शॅडो टीचर म्हणजे निकुंभ सर नव्हेत. ती फळ्यासमोर उभी राहत नाही, तिच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत. ती मागे असते.

नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात ऑटिझम, एडीएचडी, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं एखादं मूल शिकत असतं. बाई चाळीस-पन्नास मुलांना एकदम शिकवतात. या मुलाला त्यातलं काही पटकन कळतं, काही वेगळ्या पद्धतीने सांगावं लागतं. घंटेच्या आवाजाने एखाद्याचा जीव घाबरा होतो, एखाद्याला पेन्सिल धरायला त्रास होतो. अशा वेळी मूल आणि वर्ग यांच्यात पुलासारखं उभं राहायचं, हे शॅडोचं काम. त्या मुलाला काय शिकवायचं याचा आराखडा विशेष शिक्षक म्हणजे स्पेशल एज्युकेटर आखतात, धडा वर्गशिक्षिका शिकवतात आणि रोजच्या रोज ते जमवून आणते शॅडो.

आमच्या बॅचमध्ये कोण कोण होतं? डिजिटल मार्केटिंगची नोकरी सोडलेली एक मुलगी, एक बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या काकू, सायकॉलॉजीच्या दोन ताज्या पदवीधर, एका ऑटिस्टिक मुलाची आई आणि अठरा जणींमध्ये एकुलता एक मुलगा. 'टार्गेट गाठलं की पुढच्या महिन्यात नवं टार्गेट. कंटाळा आला यार,' असं डिजिटलवाली म्हणाली आणि मी मान डोलावली. मी मात्र तिथे स्टोरी करायला गेले होते. असं मी सगळ्यांना सांगत होते.

हात, बोट, तोंड

कोर्समध्ये थिअरी होतीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्याआधीच्या १९९५च्या कायद्यात सातच होती आणि त्यात ऑटिझमचं नावही नव्हतं, वगैरे वगैरे. पण खरी मजा प्रॅक्टिकलमध्ये!

पहिला धडा 'प्रॉम्प्ट'चा. प्रॉम्प्ट म्हणजे नाटकातल्यासारखंच, अडलेल्याला आधार द्यायचा. त्याच्या पायऱ्या असतात. मुलाचा हात धरून करून घेणं ही सगळ्यांत मोठी मदत. मग आपण करून दाखवणं, नुसतं बोट दाखवणं, तोंडाने सांगणं आणि शेवटी काहीच न करणं. आपल्याला वाटतं, तोंडाने सांगणं म्हणजे किती साधी मदत! पण हीच सवय मोडायला फार कठीण, असं मॅडम सांगत. हात सोडवता येतो, पण 'लिही... पुढचं लिही... आता वही बंद कर' ही टकळी एकदा लागली की मूल त्या आवाजाची वाट बघत बसतं. ऑफिसात प्रत्येक ईमेलवर बॉसचं 'ओके' आल्याशिवाय हलत नाही असा एक तरी कलीग आपल्याकडे असतोच ना? तसंच काहीसं.

म्हणून मदत देतानाच ती काढून कशी घ्यायची हे ठरवायचं. आज हात धरला, तर पुढच्या आठवड्यात नुसतं मनगट, मग कोपर, मग काहीच नाही.

दुसरा धडा थांबण्याचा. प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. काही मुलांना ऐकलेलं समजून घेऊन उत्तर जुळवायला जास्त वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारला, की त्यांचं गाडं पुन्हा पहिल्या स्टेशनवर! करून बघा कधी, समोरचा गप्प असताना दहा आकडे मोजायचे. सातवर पोचता पोचता मला घाम फुटायचा.

तिसरा धडा, डिटेक्टिव्हगिरी. मूल किंचाळलं की 'हट्टी आहे' म्हणायचं नाही. वहीत तीन रकाने करायचे: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. बस! मत नाही, निष्कर्ष नाही, फक्त जे दिसलं ते. मॅडम माझ्या वहीतल्या 'चिडला' या शब्दावर लाल गोल करायच्या. "चिडला हे तुला कसं कळलं? तू काय बघितलंस ते लिही." पत्रकारितेच्या कॉलेजात तीन वर्षांत मला कोणी एवढं धुतलं नव्हतं!

बाकी बऱ्याच गोष्टी होत्या. दिवसाचं वेळापत्रक चित्रांच्या कार्डांवर कसं लावायचं, न बोलणाऱ्या मुलाशी चित्रांतून किंवा ॲपमधून कसं बोलायचं (आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं ॲप मराठीतही बोलतं, हे मला तिथेच कळलं), न विचारता मुलाला हात का लावायचा नाही, शौचालयात मदत लागली तर कोणते नियम पाळायचे, आणि मुलाविषयी बाहेर कुठे किती बोलायचं. शेवटच्याचं उत्तर: अजिबात नाही. म्हणूनच या लेखात ना मुलाचं नाव आहे, ना शाळेचं.

दुसरी 'ब' आणि आमचे साहेब

कोर्सच्या दुसऱ्या टप्प्यात सहा आठवडे प्रत्यक्ष वर्गात. मला ठाण्याकडची एक सेमी-इंग्लिश शाळा मिळाली. दुसरी 'ब', खिडकीकडची रांग, तिसरा बाक. तिथे बसायचे आमचे साहेब. वय वर्षं सात, ऑटिझम, बोलणं मोजकं, रेल्वेचं टाइमटेबल तोंडपाठ. कोणती लोकल दिव्याला थांबते आणि कोणती नाही हे त्यांना विचारा! त्यांची नेहमीची ताई बाळंतपणाच्या रजेवर जायची होती. पहिले दोन आठवडे मी तिच्या मागे बसून बघायचं, मग तिने माझ्या मागे.

पहिला विजय डिटेक्टिव्हगिरीचा. साहेब रोज कधीतरी कानांवर हात ठेवून किंचाळायचे. वर्ग म्हणायचा, काही कारणच नसतं. मी तीन दिवस तीन रकाने भरले. चौथ्या दिवशी बघते तर काय, प्रत्येक वेळी 'नंतर'च्या रकान्यात एकच गोष्ट: घंटा. पितळी घंटा आमच्याच दाराबाहेर टांगलेली. तास संपत आला की ती कोणत्याही क्षणी वाजणार, या धास्तीनेच ते आधी किंचाळत होते. मग भिंतीवरच्या घड्याळाखाली घंटेचं एक चित्र लावलं. मोठा काटा अमुक आकड्यावर आला की घंटा. शिपाईकाकांनीही वेळ काटेकोर पाळायची असं कबूल केलं. टाइमटेबलवाल्या माणसाला टाइमटेबल मिळालं! किंचाळणं पूर्ण थांबलं नाही, पण काटा जवळ आला की ते स्वतःच कानांवर हात ठेवून शांत बसायला लागले.

मी हवेत. आईला फोन, मैत्रिणींना फोन. आणि इथेच माझं विमान खाली आलं.

चौथ्या आठवड्यात मी एकदम फॉर्मात होते. साहेबांची पेन्सिल पडायच्या आत मी झेलत होते. वही काढून देत होते, पान उलटून देत होते, डबा उघडून देत होते. (हो, डबाच!) वह्या पूर्ण, आई खूष, बाई खूष. शुक्रवारी मॅडम वर्ग बघायला आल्या. तास संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आज त्याने तुझ्याशिवाय काय काय केलं?"

मी वही चाळली. पान भरलेलं होतं, पण उत्तर सापडेना.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत पुढच्या बाकावरची एक चिमुरडी माझ्याजवळ आली. दोन वेण्या, हातात अर्धी पोळीची गुंडाळी. म्हणाली, "ताई, तुम्ही जरा तिकडे बसाल का? मला त्याला काहीतरी विचारायचंय."

"मग विचार ना."

"तुम्ही मधे बसता ना. मग तो तुमच्याकडेच बघतो."

सात वर्षांची मुलगी! मी उठले. तिने विचारलं, कल्याणला जाणारी गाडी मुलुंडला थांबते का? साहेबांनी उत्तर दिलं. मग दुसरी मुलगी आली, मग दोन मुलगे. पाच मिनिटं नुसती लोकल ट्रेनची चौकशी खिडकी! चार आठवडे हे का घडलं नव्हतं? कारण त्या बाकावर त्यांच्या आणि वर्गाच्या मधे एक भिंत बसली होती. पंजाबी ड्रेस घातलेली, फार प्रेमळ, पण भिंत.

नंतर वाचताना कळलं की हे माझ्या एकटीचं पाप नाही. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट विद्यापीठातले संशोधक मायकेल जियान्ग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली नेमकं हेच मांडलं होतं. मोठा माणूस सतत चिकटून बसला, की मूल वर्गमित्रांपासून तुटतं, मोठ्यांवर विसंबायला लागतं आणि वर्गशिक्षकालाही ते मूल 'आपलं' वाटेनासं होतं. मदतच आड येते, मदत करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

सोमवारी मी माझी खुर्ची उचलली आणि शेवटच्या बाकामागे नेऊन ठेवली. पहिले दोन दिवस वाईट गेले. पेन्सिल पडली, साहेबांनी मागे वळून बघितलं, मी दहापर्यंत मोजलं. पेन्सिल तशीच पडलेली. अभ्यास अर्धा राहिला. संध्याकाळी त्यांच्या आईने वही बघून विचारलं, "आज तुम्ही नव्हता का?" बँकेत दिवसभर नोकरी करून, धावतपळत घ्यायला आलेली बाई. तिला काय सांगणार, की मी होते आणि मुद्दाम काही केलं नाही? पण सांगितलं. अर्धं पान त्याने एकट्याने लिहिलंय, असं सांगितलं. ती वहीकडे बराच वेळ बघत राहिली. मग वही बॅगेत न ठेवता हातातच धरून निघाली.

पिक्चर अभी बाकी है

आता जरा न गोड वाटणारं. या लेखात सगळं छान छानच लिहिलं तर ती जाहिरात होईल.

एक, पैसा. बऱ्याच खाजगी शाळांमध्ये शॅडोचा पगार शाळा देत नाही, पालक देतात. काही ठिकाणी तर 'शॅडो आणा, मग ॲडमिशनचं बघू' असं सुनावलं जातं. साहेबांच्या आईचं वाक्य अजून कानात आहे: "आमच्या घरात दोन पगार येतात आणि एक शाळेच्या बाकावर बसतो." ज्यांच्याकडे दुसरा पगारच नाही, त्यांच्या मुलांचं काय? २०१६चा कायदा म्हणतो, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाला भेदभाव न करता घ्यायचं आणि त्याला लागणारी मदतही द्यायची. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं प्रमाणही घालून दिलं. कागद पक्का आहे. बाक मात्र अजून आई-बाबाच भरतायत.

दोन, इज्जत. टीचर्स रूममध्ये माझ्यासाठी खुर्ची नव्हती. मी 'त्या मुलाची बाई' होते. मे महिन्यात शाळा बंद, की अनेक शॅडोंचा पगारही बंद. मुलाने शाळा बदलली, की नोकरी गेली. पीएफ, मेडिकल, अप्रेझल? हसू नका, मीही विचारलं होतं.

आणि तीन, सगळ्यांत विचित्र गोष्ट. हे काम जितकं चांगलं कराल तितकी तुमची गरज कमी होणार. जगातल्या बाकी सगळ्या नोकऱ्यांमध्ये आपण स्वतःला 'इनडिस्पेन्सेबल' करायला धडपडतो. इथे उलटं! आमच्या बॅचमधल्या डिजिटलवालीचा यावर चेहराच पडला होता. नंतर म्हणाली, "पण टार्गेट तरी खरं आहे." ती आज एका मुलीबरोबर पूर्णवेळ काम करते आणि सोबत विशेष शिक्षणाच्या डिप्लोम्याची तयारी करतेय.

तुम्हालाही करायचंय?

• कोर्स करण्याआधी एखाद्या संस्थेत किंवा शाळेत काही आठवडे स्वयंसेवक म्हणून जा. मुलांवर प्रेम आहे एवढं पुरत नाही, आवाज, लाळ, चावा आणि कंटाळा हेही झेपायला हवं.

• तीन-चार महिन्यांचा शॅडो टीचरचा सर्टिफिकेट कोर्स केला म्हणून तुम्ही विशेष शिक्षक होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी हवी. १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय ते काम करणं गुन्हा आहे. त्या कायद्यातल्या व्यावसायिकांच्या यादीत 'विशेष शिक्षक' आहेत, 'शॅडो टीचर' असं नाव नाही. म्हणजे आपली मर्यादा ओळखूनच उतरा.

• रीतसर शिकायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणातला डी.एड. किंवा पदवीनंतर बी.एड. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, त्या दर वर्षी परिषदेच्या वेबसाइटवर बघून घ्या. संस्थेची मान्यताही तिथेच तपासा.

• मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचा जुहूचा विशेष शिक्षण विभाग, श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी काम करायचं तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, बौद्धिक अक्षमतेसाठी नवी मुंबईत खारघरचं राष्ट्रीय संस्थेचं केंद्र, हे पत्ते लक्षात ठेवा. मिथू अलुर यांनी १९७२ मध्ये मुंबईत सुरू केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी आज 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते, तिचं काम बघून या.

• नोकरी घेताना लेखी घ्या: पगार कोण देणार, सुट्टीतला पगार, कामाचे तास, तुमच्यावर देखरेख करणारा स्पेशल एज्युकेटर कोण. हे शेवटचं नसेल तर नोकरी घेऊ नका. एकट्याने करायचं काम नाही हे.

शेवटचा दिवस

माझा शेवटचा दिवस शनिवार होता. खुर्ची आता दाराजवळ पोचली होती. मधली सुट्टी झाली. साहेबांनी डबा काढला. झाकण घट्ट. त्यांनी ओढलं, नाही निघालं. मागे वळले. माझा हात आपोआप पुढे गेला होता. मी तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

एक, दोन, तीन... सातवर मला घाम फुटला. आठवर त्यांनी डबा दोन वेण्यांवालीपुढे सरकवला. तिने एका बाजूने धरला, त्यांनी दुसऱ्या बाजूने ओढला. टक्!

आत मेथीचे पराठे होते. अर्धा तिला मिळाला.

शाळा सुटली. मी दारात उभी होते, निरोपाचं एक वाक्य आठवडाभर घोकून ठेवलेलं. रांग निघाली. साहेब पुढच्या मुलाला डोंबिवली फास्टबद्दल काहीतरी सांगत होते. बोलता बोलताच माझ्यासमोरून गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!

कोणी इतकं दुर्लक्ष केल्यावर एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.